घराचे कुंपण आणि पंचायतीची परवानगी



आजचा विषय तुम्हीच काढलात. मागच्या वर्गात एक ताई उठून म्हणाल्या, "गुरुजी, आमच्या परसाचं कुंपण पार मोडलंय. काट्या काढून तिथं भिंत घालावी म्हणतोय. त्याला पंचायतीची परवानगी लागते का हो?" लगेच दुसरे एक बाबा म्हणाले, "आपल्या घराला आपण कुंपण घालायचं, त्यात पंचायतीला काय विचारायचं?"

दोघांचेही बोलणे अर्धे अर्धे बरोबर आहे. म्हणून आज जरा नीट बोलू.

कुंपण म्हणजे काय, हे तुम्हांला मी सांगायला नको. कोणी बाभळीच्या काट्या रोवतो. कोणी शेर लावतो, कोणी मेंदी लावतो, कोणी निवडुंग. कोकणात दगडावर दगड रचून गडगा घालतात. आता सिमेंटचे खांब आणि काटेरी तार आली. आणि चार पैसे हाती आले की विटांची भिंत. गुरे, शेळ्या, डुकरे आत येऊ नयेत, परसातली भाजी राहावी, बायामाणसांना आडोसा व्हावा, म्हणून कुंपण. ही झाली कामाची गोष्ट. पण कुंपणाचे आणखी एक काम आहे. ते न बोलता सांगते, 'इथपर्यंत माझे, तिथून पुढे तुझे.' भांडण होते ते ह्या दुसऱ्या कामावरून.

आता परवानगीचे पाहू. आपल्या महाराष्ट्रात ग्रामपंचायतीचा कायदा आहे. तो १९५९ सालापासून चालत आला आहे. पुढे त्यात पुष्कळ फेरफार झाले. त्या कायद्याचे ५२ वे कलम सांगते, की गावाच्या हद्दीत कोणतीही इमारत बांधायची असेल, किंवा पुन्हा बांधायची असेल, तर आधी परवानगी घेतली पाहिजे. तुम्ही म्हणाल, कुंपण ही काय इमारत आहे? खरे आहे. पण कायद्यातला 'इमारत' हा शब्द आपल्या बोलण्यातल्या इमारतीपेक्षा मोठा आहे. त्यात झोपडी येते, छपरी येते, ओटा येतो, जोते येते, पायरी येते. आणि भिंतही येते. म्हणून विटांची, दगडांची, चिऱ्याची पक्की भिंत घालायची झाली, तर परवानगी घ्यावी लागते. त्या ताईंच्या प्रश्नाला हे उत्तर झाले.

काट्यांचे कुंपण, शेराचे कुंपण, मेंदीची ओळ, ह्यांना आपल्या जागेत कोणी परवानगी मागत नाही. मोडलेल्या काट्या काढून त्याच ओळीत नव्या रोवल्या, तर कोणाकडे जायचे कारण नाही. बाबांचे म्हणणे इथपर्यंत बरोबर आहे. तार आणि खांब ह्यांचे मधले आहे. खांब सिमेंटमध्ये पक्के रोवायचे असतील, तर कामाला हात लावण्यापूर्वी पंचायतीत जाऊन विचारावे. विचारायला काही पैसे पडत नाहीत.

'पुन्हा बांधणे' हे दोन शब्द ध्यानात ठेवा. पुष्कळांना वाटते, की जुनी भिंत होतीच, ती पाडली आणि तिच्या जागी नवी घातली, मग परवानगी कशाला? पण कायदा नव्या बांधणीइतकेच पुन्हा बांधणीलाही परवानगी मागतो. पावसात चार दगड निसटले आणि ते परत बसवले, गिलावा पडला आणि तो पुन्हा केला, ही झाली डागडुजी. ती वेगळी. पायापासून भिंत काढून दुसरी घालणे वेगळे.

परवानगी कोणाकडे मागायची? गावठाणात घर असेल तर ग्रामपंचायतीकडे. आपण ज्यांना ग्रामसेवक म्हणतो, त्यांना सरकारने २०२४ साली ग्रामपंचायत अधिकारी असे नाव दिले. तलाठ्यालाही आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे. नावे बदलली तरी लोकांच्या तोंडातले शब्द लवकर जात नाहीत, आणि जाण्याची घाईही नाही. तुम्ही ग्रामसेवक म्हणालात तरी माणूस तोच भेटेल. गावठाणाच्या बाहेर, शेतात किंवा बिनशेती जागेत घर असेल, तर काम कधी कधी तहसील आणि नगररचना कचेरीकडे जाते. आपली जागा कोणाकडे येते, एवढे पंचायतीत आधी विचारून घ्यावे.

पंचायतीने नाही म्हटले तर? तर नकाराचे कारण लेखी मागा. कारण लेखी देणे हे पंचायतीचे काम आहे. तोंडी 'होणार नाही' म्हटले म्हणजे नकार नव्हे. लेखी नकार हाती आला, की त्यावर पंचायत समितीकडे अपील करता येते. अपील म्हणजे वरच्या कचेरीकडे दाद मागणे. पण त्याला मुदत असते. कागद घरात ठेवून चालत नाही.

शहरात, आणि ज्या भागाला सरकारची प्रादेशिक योजना लागू आहे त्यातल्या बहुतेक ठिकाणी, २०२० सालची विकास नियमावली चालते. तिच्यात भिंतीच्या उंचीलाही माप आहे. कुंपणाची भिंत दीड मीटरपर्यंत, म्हणजे सुमारे पाच फूट. दोन मीटर चाळीस सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे आठ फुटांच्या आत, नेता येते. पण तेव्हा वरचा नव्वद सेंटिमीटरचा भाग जाळीचा, गजांचा, आरपार दिसेल असा ठेवावा लागतो. दोन रस्ते मिळतात त्या कोपऱ्यावर भिंत आणखी ठेंगणी ठेवावी लागते. त्याचे कारण साधे आहे. वळणावर येणारी गाडी आणि धावणारे पोर ह्यांना एकमेकांची चाहूल लागली पाहिजे. आपल्या गावाला नियमावली लागू असो नसो, कोपऱ्यावरच्या घरवाल्याने एवढे पाहावेच.

इथवर सोपे होते. आता जे सांगतो ते जास्त महत्त्वाचे आहे, आणि त्यात शिकलेली माणसेही चुकतात.

पंचायतीची परवानगी म्हणजे जागेची मालकी नव्हे.

एका गावची हकीगत सांगतो. गावाचे नाव सांगत नाही. दोन चुलतभाऊ शेजारी शेजारी राहत. मध्ये शेराचे कुंपण. आजोबांच्या वेळचे. थोरल्याचे मुलगे कमावते झाले. त्यांनी शेर काढून भिंत घालायचे ठरवले. थोरला माणूस रीतीने चालणारा. पंचायतीत गेला, अर्ज दिला, परवानगी घेतली. गवंडी आला. त्याने शेराच्या मुळ्या पाहिल्या. जाडजूड मुळ्या, खोल गेलेल्या. त्या उपटायला दोन दिवस जाणार आणि शेराचा चीक डोळ्यांत उडाला तर डोळे सुजणार. गवंडी म्हणाला, "अण्णा, मुळ्यांच्या पलीकडून पाया घेऊ. हात-दीड हाताचा काय फरक पडतो?" थोरला म्हणाला, "घे बाबा."

धाकटा भाऊ कामाला परगावी होता. घरी त्याची बायको आणि म्हातारी आई. म्हातारी म्हणाली, "अरे, भिंत इकडं सरकतीय." थोरल्याने खिशातून कागद काढून दाखवला. "काकू, ही बघ पंचायतीची परवानगी. शिक्का आहे." म्हातारीला वाचता येत नव्हते. सुनेला येत होते, पण थोरल्या दिरापुढे ती काय बोलणार? भिंत उभी राहिली.

आता ती सून जर पुढे झाली असती आणि तिने तो कागद वाचला असता, तर तिला काय दिसले असते? त्यात लिहिले होते, अर्जदाराला आपल्या जागेत भिंत बांधण्यास परवानगी देण्यात येत आहे. 'आपल्या जागेत.' कोणाची जागा कुठे संपते, हे त्या कागदात नव्हतेच. ते लिहिणे पंचायतीचे काम नव्हे. पंचायत एवढेच म्हणते, की बांधायला आमची हरकत नाही.

दिवाळीला धाकटा आला. त्याने मोजणीचा अर्ज केला. त्या गावच्या गावठाणाचा सरकारी नकाशा होता, म्हणून काम सोपे झाले. मोजणीदार आला, फीत लावली, खुणा केल्या. भिंत चाळीस फूट लांब होती आणि दीड फूट धाकट्याच्या बाजूला गेली होती.

आता हिशेब करू. आपण गुणाकार शिकलो आहोत. चाळीस गुणिले दीड म्हणजे साठ. साठ चौरस फूट जागा गेली. सहा फूट लांब आणि तीन फूट रुंद अशा खाटा घातल्या, तर तीन खाटा मावतील एवढी. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. तेव्हा गुंठ्याचा अठरावा हिस्सा गेला. गावठाणात जिथे एकेका घराची जागाच गुंठा-दोन गुंठे, तिथे हे थोडे नव्हे. 'हात-दीड हाताचा काय फरक पडतो' म्हणणाऱ्या गवंड्याने गुणाकार केला नव्हता.

थोरला परवानगी घेऊन पंचायतीत गेला. पंचायतीने सांगितले, "आम्ही बांधायला परवानगी दिली. दुसऱ्याच्या जागेत बांधा असं कुठं म्हटलं?" भिंत पाडावी लागली. विटा फुटल्या, मजुरी गेली, सिमेंट गेले. ज्या दोन चुलींमध्ये ताक आणि कालवण रोज इकडून तिकडे जात होते, त्या चुलींचे बोलणे बंद झाले. मोजणीची फी भिंतीच्या खर्चाच्या मानाने अगदीच थोडी होती. ती आधी भरली असती तर?

एक पाव्हणे मागे बसून विचारत आहेत, "गुरुजी, घरपट्टीची पावती माझ्या नावाची आहे. नमुना आठला नाव आहे. मग जागा माझीच की!" नाही हो. नमुना आठ हे पंचायतीचे कर आकारण्याचे रजिस्टर आहे. घर कोणाकडून पट्टी वसूल करायची, ते त्यात लिहितात. राहणाऱ्याला त्याचा आधार होतो, पण मालकीचा तो पुरावा नव्हे. आणि जागेची नेमकी रेघ कोठून जाते, हे तर त्यात नसतेच.

मग रेघ कुठे मिळते? ज्या गावठाणाची सरकारी मोजणी झाली आहे, तिथे प्रत्येक घराची मिळकत पत्रिका असते आणि नकाशा असतो. तालुक्याच्या भूमि अभिलेख कचेरीत अर्ज करावा आणि फी भरावी. कचेरी तारीख देते आणि शेजाऱ्यांनाही नोटीस पाठवते. शेजाऱ्याला नोटीस गेली म्हणजे त्याने चिडायचे कारण नाही. ती त्याच्याही सोयीची आहे. त्याने त्या दिवशी हजर राहावे. मोजणी झाली की नकाशाची नक्कल मिळते. तिला 'क' प्रत म्हणतात. ही 'क' प्रत जपून ठेवा. मोजणी पटली नाही, तर वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी मागता येते. तिला निमताना मोजणी म्हणतात.

पण पुष्कळ गावठाणांची अशी मोजणी पूर्वी झालेलीच नव्हती. शेतांचे नकाशे होते, घरांचे नव्हते. म्हणून उडत्या यंत्राने, म्हणजे ड्रोनने, गावठाणे मोजायचे काम निघाले. आपल्या महाराष्ट्रात पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यात सोनोरी गावी त्याचा पहिला प्रयोग झाला. पुढे २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने 'स्वामित्व' नावाची योजना सुरू केली. ह्या मोजणीत ड्रोन उडण्याच्या आधी घरमालकाने आपल्या जागेच्या कडेने चुन्याची रेघ ओढायची असते. वरून फोटो निघतो तो त्या रेघेचा. पुढे चौकशी होते, हरकत घेता येते, मग मिळकत पत्रिका तयार होते.

तुमच्या गावात हे काम व्हायचे असेल, तर त्या दिवशी घरी राहा. कामावर एक दिवस खाडा झाला तरी चालेल. दोन्ही शेजाऱ्यांनी मिळून, एकाने चुन्याची पाटी धरून आणि दुसऱ्याने मूठ सोडून, एकच रेघ ओढावी. ज्याने आपापली वेगळी रेघ ओढली, त्याने पुढच्या वादाची पायाभरणी केली. काम होऊन गेले असेल, तर पत्रिका मागून घ्या आणि ती वाचा. नाव बरोबर आहे का? क्षेत्र किती लिहिले आहे? तेवढे वाचायला आता तुम्हांला कोणाकडे जायची गरज नाही.

आता रस्त्याचे बोलू. शेजाऱ्याच्या जागेत भिंत गेली, तर शेजारी भांडतो. रस्त्याच्या जागेत गेली, तर भांडायला कोणी येत नाही, म्हणून लोकांना धीर चढतो. कायद्याचे ५३ वे कलम ह्यासाठीच आहे. सार्वजनिक रस्त्यावर, मोकळ्या जागेवर, गटारावर भिंत, कुंपण, खांब, ओटा, पायरी, काहीही पुढे आणले तर तो गुन्हा आहे. त्याला दंड आहे, आणि ते काढून टाकण्याचा पंचायतीला अधिकार आहे. इथे काट्यांचे कुंपणही सुटत नाही. आपल्या जागेत ज्याला कोणी विचारत नाही, तेच कुंपण रस्त्यावर आले की अतिक्रमण होते. घर मोठ्या सडकेला लागून असेल, तर सडकेच्या खात्यालाही विचारावे लागते.

ज्यांना पंचायतीच्या निवडणुकीला उभे राहायचे आहे, त्यांनी आणखी एक गोष्ट ऐकावी. बायकांनी तर जरूर ऐकावी, कारण पंचायतीच्या निम्म्या जागा आता त्यांच्या आहेत. सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण केलेल्या माणसाला पंचायतीचे सदस्य राहता येत नाही, असा नियम २००६ साली कायद्यात आला. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ आणखी स्पष्ट केला. अतिक्रमण घरातल्या दुसऱ्या माणसाने केले असले, तरी त्या जागेचा उपभोग घेत राहणाऱ्या सदस्यालाही तो नियम लागतो. म्हणजे सासऱ्याने पूर्वी कुंपण पुढे सारले आणि सून आज त्या जागेत राहते, तर सुनेचे पद जाऊ शकते. मला विचाराल तर हे कडक आहे. पण कायदा तसा आहे, आणि तो आधी ठाऊक असलेला बरा.

आपल्या जागेत, परवानगी घेऊन भिंत घातली तरी काही गोष्टी पाहाव्या लागतात. शेजारी जर वीस वर्षे उघडपणे, हक्काने, न थांबता तुमच्या परसातून येतजात असेल, तर त्याला वाटेचा हक्क मिळू शकतो. उजेड आणि वारा ह्यांचेही तसेच. हा कायदा १८८२ सालचा आहे. म्हणून पाऊलवाट बंद करण्याआधी विचार करा. पावसाचे पाणी पूर्वी कोठून वाहत होते, तेही पाहा. भिंतीला खाली मोऱ्या ठेवा. नाहीतर पहिल्याच पावसात पाणी शेजाऱ्याच्या ओसरीवर जाईल. शेताचा पाण्याचा ओघ किंवा वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला, तर तहसीलदाराकडे दावा करता येतो. तो अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत केला पाहिजे.

एक गोष्ट मात्र कोणाच्याच परवानगीने होत नाही. घरातली वीज तारेच्या कुंपणात सोडायची नाही. रानडुकरे पीक खातात, चोर येतो, सगळे खरे. पण त्या तारेला रात्री माणूस चिकटतो. कधी शेजारी, कधी गुराखी, आणि कधी ज्याने वीज सोडली त्याच्याच घरातला. त्यावर माणूस मारल्याचा खटला भरतात. सौर कुंपणाचे यंत्र मिळते, ते वेगळे. ते क्षणभर धक्का देते आणि सोडते. घ्यायचे तर ते घ्यावे, आणि जाणकाराकडून बसवून घ्यावे.

आता अर्ज. पाटी-पेन्सिल घ्या, किंवा वहीत लिहा. अर्ज कोणाकडून लिहवून घ्यायचा नाही. आपला आपण लिहायचा. असा:

"प्रति, मा. सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी, ग्रामपंचायत (गावाचे नाव).
विषय : घराच्या कुंपणाची भिंत बांधण्यास परवानगी मिळणेबाबत.
महोदय,
माझे घर (घर क्रमांक) ह्या गावी आहे. घराच्या पूर्व बाजूस जुने काट्यांचे कुंपण आहे. ते काढून माझ्या हद्दीत ४० फूट लांब व ५ फूट उंच विटांची भिंत बांधावयाची आहे. जागेचा उतारा व मोजणीची नक्कल सोबत जोडली आहे. तरी परवानगी मिळावी, ही विनंती.
आपला / आपली,
(सही, नाव, तारीख)"

पूर्व की पश्चिम, लांबी किती, उंची किती, हे आपापले लिहावे. 'माझ्या हद्दीत' हे शब्द लिहिताना हात जरा थांबवावा आणि मनाशी विचारावे, की हद्द मोजली आहे ना? मोजणीची नक्कल नसेल, तर जुने खरेदीखत किंवा वाटणीपत्र काढा. त्यात चारी बाजूंना कोण कोण आहे, ते लिहिलेले असते. शेजाऱ्याला सोबत उभा करा, दोरी लावा, खुंट्या रोवा, आणि दोघांनी एका कागदावर सह्या करा. अंगठा नको, आता सही.

अर्जाच्या दोन प्रती करा. एक पंचायतीत द्या. दुसरीवर शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही घ्या. हिला पोच म्हणतात. पोच नसेल तर अर्ज दिला होता, हे सांगायला तुमच्यापाशी काही उरत नाही. पोच, परवानगी आणि 'क' प्रत हे तीन कागद एकाच पिशवीत घालून पेटीत ठेवा. ती पिशवी कुठे आहे, हे घरातल्या बाईमाणसालाही ठाऊक असू द्या.

अर्ज दिला म्हणून दुसऱ्या दिवशी पाया खणू नका. परवानगीचा कागद हाती येऊ द्या. तोवर विटा आणि दगड आणून ठेवायचे असतील, तर आपल्या अंगणात रचा. रस्त्यावर रचलेला दगडांचा ढीगही अडथळाच धरला जातो.